सेकंडहँड लेन्स आणि आकाशगंगा

आकाशाचे फोटो काढायची हौस लागली की माणूस पहिला प्रश्न हमखास हा विचारतो: "केवढी दुर्बीण घेऊ?" ऑफिसातल्या मित्रांनी असं विचारलं की मी त्यांना आधी १८८२ सालची गोष्ट ऐकवतो. बजेट नंतर.

त्या वर्षी सप्टेंबरात एक प्रचंड धूमकेतू आला. इतका तेजस्वी, की भर दिवसा सूर्याशेजारी दिसायचा. दक्षिण आफ्रिकेत केप ऑफ गुड होपच्या वेधशाळेचा प्रमुख होता डेव्हिड गिल, मूळचा अ‍ॅबर्डीनचा, घड्याळजीचा मुलगा. त्याला धूमकेतूचा फोटो हवा होता, पण तसा कॅमेराच हाताशी नव्हता. मग त्याने जवळच्या मॉब्रे गावातल्या अ‍ॅलिस नावाच्या फोटोग्राफरला बोलावलं. त्याच्या कॅमेऱ्याची लेन्स अवघी अडीच इंच व्यासाची, फोकल लेंथ अकरा इंच. हा कॅमेरा वेधशाळेच्या दुर्बिणीवर बांधला, म्हणजे दुर्बीण ताऱ्यांमागे फिरेल तसा तोही फिरणार. गिल दुर्बिणीला डोळा लावून धूमकेतू मध्यभागी धरून बसला. एक्स्पोजर अर्ध्या तासापासून थेट दोन तासांच्या वर.

धूमकेतू तर सुरेख आलाच, पण त्याच्या मागे तारेच तारे! गिलच्या लक्षात आलं की आता एकेक तारा डोळ्यांनी मोजत बसायला नको, फोटोवरून आख्ख्या दक्षिण आकाशाची यादी करता येईल. १८८५ मध्ये काम सुरू झालं. रॉयल सोसायटीने आधी पैसे दिले, नंतर बंद केले. पठ्ठ्याने मग स्वतःच्या पगारातून काम चालू ठेवलं. प्लेट्स मोजायला पुढे आला हॉलंडमधल्या ग्रोनिंगेनचा प्राध्यापक कॅप्टाइन, ज्याच्याकडे वेधशाळाच नव्हती. त्याने डोकं काय लढवलं बघा: कॅमेऱ्याची जेवढी फोकल लेंथ, तेवढ्याच अंतरावर प्लेटसमोर थिओडोलाइट ठेवला आणि ताऱ्यांमधले कोन थेट वाचले. जुगाड म्हणतात तो हा. मदतीला तिथल्या तुरुंगातले कैदीसुद्धा होते! १८९६ ते १९०० मध्ये यादी छापून झाली, तारे ४,५४,८७५.

पण माणसांचे फोटो काढायच्या लेन्सने हे जमलं कसं? कारण ती माणसांसाठीच होती. समोरचा माणूस मिनिटभर हलल्याशिवाय बसत नाही, म्हणून १८४० मध्ये पेट्झवालने भरपूर प्रकाश घेणारी पोर्ट्रेट लेन्स आखली आणि पुढे तसल्या लेन्सेस स्टुडिओ-स्टुडिओत पोचल्या. दुसरी गोष्ट, १८७१ मध्ये मॅडॉक्सने कोरड्या प्लेटची वाट दाखवली. त्याआधीची ओली प्लेट सुकायच्या आत उरकावं लागे, दोन तासांचं नावच नको.

आता माझा सगळ्यात आवडता माणूस. एडवर्ड बार्नार्ड, अमेरिकेतल्या नॅशव्हिलचा, घरची कमालीची गरिबी. नऊ वर्षांचाही नसताना एका फोटो स्टुडिओत कामाला लागला. काम काय, तर फोटो मोठे करायचं अवजड यंत्र हाताने फिरवत सतत सूर्याकडे रोखून ठेवायचं. म्हणजे ट्रॅकिंगच की! हाच मुलगा पुढे कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत पोचला. तिथे ३६ इंचांची, तेव्हा जगातली सर्वात मोठी भिंगाची दुर्बीण. पण १८८९ च्या ऑगस्टमध्ये आकाशगंगेचे ढग त्याने टिपले ते सहा इंची पोर्ट्रेट लेन्सने, आणि तीही सॅन फ्रान्सिस्कोच्या एका फोटोग्राफरकडून आलेली सेकंडहँड. लाकडी खोक्यात बसवून छोट्या दुर्बिणीवर बांधली आणि तीन-तीन तास तारा धरून बसला. १८९२ मध्ये याच लेन्सने त्याला धूमकेतूही सापडला, फोटोवरून सापडलेला पहिलाच.

गणित करून बघा. मोठी दुर्बीण एफ/१९, ही लेन्स एफ/५. तेजोमेघासारख्या पसरट गोष्टीचा प्रकाश प्लेटच्या तेवढ्याच जागेवर या लेन्समधून सुमारे चौदापट जास्त पडतो. व्यास इथे कामाचा नाही. (ग्रहांचं गणित वेगळं, तिथे लांब फोकल लेंथच हवी.)

आता तुमच्या खिशाकडे येऊ. आकाश सेकंदाला १५ आर्कसेकंद सरकतं. कॅमेऱ्याचा पिक्सेल ४ मायक्रॉनचा धरला, तर १००० मिमीच्या दुर्बिणीत तारा सेकंदाला साधारण १८ पिक्सेल पळतो, ५० मिमीच्या लेन्समध्ये जेमतेम एक. म्हणजे माउंटची जी चूक लेन्सला दिसतही नाही, ती दुर्बिणीत ताऱ्याची शेपटी करून दाखवते. म्हणून स्वस्त तिपाईवर मोठी दुर्बीण घ्यायला निघालेल्याला मी सरळ नको म्हणतो. घरात डीएसएलआर असेल तर तोच वापरा, नसेल तर जुना घ्या. त्यावर ५० किंवा १३५ मिमीची साधी लेन्स, सेकंडहँड चालेल. आणि उरलेले सगळे, अगदी सगळे पैसे ट्रॅकिंग माउंटवर घाला. दुर्बीण पुढच्या वर्षी बघू, बोनस झाला तर :)