नावातला इंडिया

'आयपीए' म्हणजे इंडिया पेल एल. नावात इंडिया असला तरी ही बिअर जन्मानं विलायती. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागातल्या जॉर्ज हॉजसनची एल जहाजांतून कलकत्त्याला येई. प्रवास कित्येक महिन्यांचा, तोही आफ्रिकेला वळसा घालून; म्हणून तिच्यात हॉप्सची फुलं सढळ हातानं पडत. बिअर आंबट करणाऱ्या जिवाणूंना ती रोखतात. 'ईस्ट इंडिया पेल एल' हे नाव छापलेलं आढळतं ते १८२९ मध्ये, सिडनीच्या वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत.

टिकण्यासाठी घडलेली ही बिअर आज मात्र ताजीच प्यावी लागते. सॅन दिएगोच्या 'ग्रेपफ्रूट स्कल्पिन' या आयपीएचा ग्लास नाकाशी नेला की आधी ताज्या सालीचा वास येतो, मग जिभेवर फळाचा आंबटपणा आणि शेवटी हॉप्सचा कडूपणा. ऑक्सिजन लागला की हा सुगंध विरतो नि ओल्या पुठ्ठ्याची चव उरते. तिथल्याच 'स्टोन' ब्रुअरीनं २०१२ मध्ये 'एन्जॉय बाय' या आयपीएच्या नावातच तारीख घातली: ३७ दिवसांत संपवा. घेण्याआधी कॅनवरची तारीख जरूर वाचा. जुना असेल तर खुशाल परत ठेवा.