पांढरीतले घर आणि डोंगरातले घर

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यात तापी आणि गोमाई या नद्यांच्या संगमावर वसलेले प्रकाशे शिवमंदिरांसाठी ओळखले जात असले, तरी वास्तूंचा इतिहास पाहणाऱ्यास तेथील मंदिरांपेक्षा तेथली पांढर अधिक बोलकी वाटते. पांढर म्हणजे जुन्या वस्तीच्या पडक्या भिंती, राख आणि केरकचरा साचून झालेले टेकाड. १९५४-५५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे बी. के. थापर यांनी येथे उत्खनन केले, तेव्हा वस्तीच्या थरांची जाडी सुमारे १७ मीटर भरली. तळाशी ताम्रपाषाणयुगातील, म्हणजे तांब्याबरोबर दगडाचीही हत्यारे वापरणाऱ्या काळातील, माळवा आणि जोर्वे पद्धतीची रंगीत खापरे सापडली.

एवढी उंची कोणी बांधून काढलेली नव्हती. मातीचे घर खचले की त्याचा ढिगारा उपसून टाकण्याऐवजी सपाट करून त्यावरच नवे घर उभे करायचे, या साध्या सोयीतून ती शतकानुशतके वाढत गेली. खानदेशातील सपाटीवरचे धाब्याचे घरही याच मातीच्या आधाराने टिकले. तुळयांवर फळ्या किंवा काटक्या अंथरून त्यांवर मातीचा जाड थर देणे, म्हणजे धाबे घालणे. पावसाळ्याआधी त्यावर खारी, पांढरी माती पसरली जाई, कारण ती भिजल्यावर चिकट होऊन पाण्याला सहसा वाट देत नाही. अशी माती अनेक गावांत पांढर उकरूनच आणली जात असल्याने पूर्वजांच्या भिंती वंशजांच्या छपरावर चढत. पुरातत्त्वज्ञांच्या दृष्टीने मात्र हा पुराव्याचा नाशच होता.

उत्तरेकडील सातपुड्यात, अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील भिल्ल व पावरा वस्त्यांमध्ये घराची कल्पनाच निराळी होती. जमिनीत पुरलेले सागाचे खांब, त्यांवर आढे (छपराच्या माथ्याची आडवी तुळई) आणि वासे, चिरलेल्या बांबूचे विणलेले व शेणमातीने सारवलेले कूड, आणि वर कौले, असे हे घर ज्याच्या त्याच्या शेताजवळ उभे राही. बांधणीला ‘लाह’ या परस्पर श्रमाच्या प्रथेनुसार शेजारचे हात येत आणि मोबदल्यात घरमालकाने पुढे त्यांच्या कामाला जायचे असे. येथे भिंत भार वाहत नाही, भार खांबांवर असतो. म्हणून कूड बदलता येतो, कौले उतरवता येतात आणि सगळा सांगाडा सुटा करून दुसरीकडे उभारता येतो. असे घर हलले की मागे खड्ड्यांखेरीज फारसे काही उरत नाही, त्यामुळे डोंगरात प्रकाशे येथल्यासारखी पांढर साचत नाही. तेथे मनुष्यवस्ती उशिरा आली असा निष्कर्ष केवळ टेकाडे मोजून काढणे म्हणूनच धोक्याचे आहे.

या सुटसुटीतपणाची कसोटी नर्मदेवरील सरदार सरोवर धरणाने घेतली. महाराष्ट्रातील ३३ गावे, पूर्ण किंवा अंशतः, बुडीत क्षेत्रात आली आणि त्यांत अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली सर्वांत आधी पाण्याच्या तोंडी आले. नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ च्या निवाड्यात प्रत्येक कुटुंबाला घरासाठी ६० फूट बाय ९० फूट भूखंड आणि वाहतूक खर्च धरून ७५० रुपयांचे पुनर्वसन अनुदान ठरवले होते. निवाड्याने वाहतुकीचा विचार केला हे खरे. पण एका घराचे सागवान, बांबू आणि कौले यांचे वजन लक्षात घेता ती रक्कम हिशेबाला कशी पुरावी हे कोडेच आहे. प्रत्यक्षात अनेक कुटुंबांनी घरे उकलली आणि त्यांचे खांब, वासे तळोदा तालुक्यातील सोमावल, रोझवा यांसारख्या नव्या वसाहतींत नेले. डोंगरात दूरदूर विखुरलेली घरे तेथे मात्र आखलेल्या रांगांत उभी करावी लागली आणि शेत घरापासून वेगळे झाले.

आता डोंगरात आणि सपाटीवरही सरकारी घरकुल येत आहे. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) घराचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर ठरलेले आहे, म्हणजे लवादाने दिलेल्या भूखंडाच्या जेमतेम विसाव्या हिश्श्याइतके. विटा-सिमेंटच्या या घरात सागाच्या खांबांना काम नाही, आणि गाव पुन्हा हलवण्याची वेळ आली तर भिंतींतले काहीच उकलून नेता येणार नाही.