सीआय म्हणजे काय? बिल्ड आणि टेस्टचं काम एकदाच लिहा, प्रत्येक ॲपमध्ये वापरा

तुमच्या फोनमध्ये रोज कुठल्या ना कुठल्या ॲपचं अपडेट येतं. ते अपडेट तुमच्यापर्यंत येण्याआधी कुणीतरी कोड बदलतो, त्यातून ॲप तयार होतं आणि जुनं काही बिघडलं नाही ना, याची तपासणी होते. हे काम माणसाऐवजी मशीन आपोआप करतं, तेव्हा त्याला कंटिन्युअस इंटिग्रेशन, म्हणजेच सीआय म्हणतात.

या लेखात आपण पाहणार आहोत की बिल्ड आणि टेस्टचं काम एकाच जागी कसं लिहायचं आणि अनेक प्रोजेक्टमध्ये कसं वापरायचं. उदाहरण गिटहब ॲक्शन्सचं घेतलंय, कारण मी स्वतः तेच वापरतो. कॉलेजमध्ये असाल आणि पहिलं अँड्रॉइड ॲप बनवत असाल, तर माझ्याकडून झालेली चूक तुमची टळेल.

आधी शब्द समजून घेऊ

- रिपॉझिटरी: तुमच्या प्रोजेक्टचा सगळा कोड आणि त्याचा इतिहास ठेवायची जागा.
- बिल्ड: कोडपासून फोनवर चालणारी एपीके फाइल तयार करणं.
- टेस्ट: कोड बरोबर उत्तर देतो का, हे तपासणारा दुसरा छोटा कोड.
- वर्कफ्लो: कोड आला की मशीनने काय काय करायचं, याची यादी. ही यादी यॅमल फाइलमध्ये लिहितात.
- जॉब आणि स्टेप: वर्कफ्लोमध्ये एक किंवा जास्त जॉब असतात, आणि प्रत्येक जॉबमध्ये एकामागून एक स्टेप.
- रनर: हे सगळं ज्या मशीनवर चालतं ते मशीन.

सगळं नीट झालं की हिरवी खूण, काही पडलं की लाल फुली. आपण त्या खुणेवर विश्वास ठेवूनच कोड पुढे पाठवतो.

माझी चूक काय झाली?

माझी तीन छोटी ॲप्स होती. एक अभ्यासिकेतल्या जागा बुक करायचं, एक शब्दसंग्रहाचं आणि एक आमच्या मेसच्या हिशोबाचं. पहिल्या ॲपसाठी मी वर्कफ्लोची फाइल लिहिली. पुढे प्रत्येक नवीन ॲपला तीच फाइल कॉपी-पेस्ट केली. काम झालं, मी खूश.

अभ्यासिकेच्या ॲपमध्ये एक टेस्ट इंटरनेटवर अवलंबून होती. नेट स्लो असलं की ती पडायची. वैतागून मी टेस्टच्या स्टेपला ‘कंटिन्यू-ऑन-एरर’ हा पर्याय चालू केला. त्याचा अर्थ, ही स्टेप पडली तरी जॉब पुढे जाऊ दे. म्हटलं, दोन दिवसांत काढून टाकू. काढलं नाही. मेसच्या ॲपला फाइल कॉपी केली, तेव्हा ती ओळसुद्धा बरोबर गेली.

मग एकदा मेसच्या ॲपमध्ये मी पाहुण्याच्या ताटाचा हिशोब बदलला. चुकून ते ताट दोनदा मोजलं जाऊ लागलं. त्यासाठी टेस्ट होती. ती पडलीसुद्धा! पण जॉब हिरवाच राहिला. मी फोनवर हिरवी खूण बघितली आणि अपडेट पाठवलं.

महिनाअखेरीला मेसच्या काकूंनी मला थांबवलं. “अरे, पोरं माझ्याशी भांडतायत. तुझ्या ॲपमध्ये जास्तीचे पैसे दाखवतंय. मी कुणाकुणाला समजावू?” त्या रात्री मी एकेक बिल हाताने तपासलं. ॲप दुरुस्त झालं, पण काकू आजही शेजारी वही ठेवतात. त्यांचं चुकतंय असं मी म्हणू शकत नाही.

लॉग उघडला तर चूक तिथेच लिहिलेली होती. तपासणी झाली होती, फक्त तिचा निकाल माझ्यापर्यंत येत नव्हता. आणि तीन ठिकाणी तीन फाइली असल्यामुळे कुठल्या फाइलमध्ये काय आहे, हे मलाच आठवत नव्हतं.

पुन्हा वापरता येणारं टास्क म्हणजे काय?

घरी गोडा मसाला एकदाच करून डब्यात भरतात. आमटी असो की भरली वांगी, मसाला त्याच डब्यातला, फक्त किती चमचे घालायचा ते बदलतं. सीआयमध्येही तसंच करायचं. बिल्ड आणि टेस्टचं काम एका फाइलमध्ये लिहायचं, त्याला नाव द्यायचं आणि प्रत्येक प्रोजेक्टने ते नावाने बोलवायचं. जे बदलतं ते बाहेरून द्यायचं. त्याला इनपुट म्हणतात.

गिटहब ॲक्शन्समध्ये यासाठी दोन मार्ग आहेत.

१. कंपोझिट ॲक्शन: हा अनेक स्टेप्सचा गठ्ठा असतो. बोलावणाऱ्याच्या जॉबमध्ये, त्याच रनरवर चालतो. जावा बसवणं, कॅशे लावणं अशा छोट्या तयारीसाठी चांगला. यात कमांड चालवणाऱ्या प्रत्येक स्टेपला कुठलं शेल वापरायचं ते लिहावं लागतं. सिक्रेट्स थेट मिळत नाहीत, इनपुट म्हणून द्यावे लागतात.

२. रियुझेबल वर्कफ्लो: यात पूर्ण जॉब असतात. रनर कुठला, तेही इथेच ठरतं. लॉगमध्ये प्रत्येक जॉब आणि स्टेप वेगळी दिसते. ही सोय २०२१ मध्ये सर्वांसाठी खुली झाली.

मी रियुझेबल वर्कफ्लो निवडला, कारण मला ‘टेस्ट पडली तर सगळं थांबलं पाहिजे’ हा नियमच एका जागी बांधायचा होता.

माझं टास्क कसं बनवलं?

(खालचे शब्द मी देवनागरीत लिहिलेत. फाइलमध्ये अर्थातच ते इंग्रजी लिपीत टाइप करायचे.)

पायरी १: एक वेगळी रिपॉझिटरी बनवली. तिच्यात गिटहबच्या नेहमीच्या वर्कफ्लोज फोल्डरमध्येच फाइल ठेवली. दुसरीकडे ठेवली तर चालत नाही.

पायरी २: ‘ऑन’ खाली ‘वर्कफ्लो_कॉल’ लिहिलं. यामुळे ही फाइल दुसऱ्या वर्कफ्लोला बोलावता येते.

पायरी ३: तीन इनपुट ठरवले. जावाची व्हर्जन (दिली नाही तर १७), मॉड्यूलचं नाव, आणि एपीके बनवायची की नाही. प्रत्येक इनपुटचा प्रकार सांगावा लागतो: स्ट्रिंग, नंबर किंवा बुलियन.

पायरी ४: स्टेप्स लिहिल्या. कोड आणणं, जावा बसवणं, ग्रेडलने टेस्ट चालवणं, मग एपीके बनवणं. शेवटी टेस्टचा रिपोर्ट अपलोड करणं. या शेवटच्या स्टेपला ‘ऑलवेज’ची अट घातली. टेस्ट पडली तरी रिपोर्ट मिळतो आणि जॉब मात्र लालच राहतो. मला आधी खरं तर हेच हवं होतं!

पायरी ५: जॉबला १५ मिनिटांची वेळमर्यादा दिली. ती दिली नाही, तर अडकलेला जॉब ३६० मिनिटांपर्यंत चालू राहू शकतो.

पायरी ६: तिन्ही ॲप्समधली जुनी लांबलचक फाइल काढली. आता तिथे फक्त ‘युझेस’समोर टास्कचा पत्ता आणि ‘विथ’खाली इनपुट. शंभरेक ओळींच्या जागी दहा-बारा ओळी.

एक शंका मलाही आली होती. टास्क दुसऱ्या रिपॉझिटरीत आहे, मग कोड कुठला आणला जाईल? बोलावणाऱ्याचाच. मेसच्या ॲपने बोलावलं तर मेसच्या ॲपचा कोड येतो.

इनपुट किती ठेवायचे?

इथे बरेच जण फसतात. प्रत्येक गोष्टीसाठी इनपुट ठेवला की टास्क वापरणंच कटकटीचं होतं. माझा नियम सोपा आहे. प्रोजेक्टनुसार खरंच बदलतं ते इनपुट, आणि कुणी बदलू नये ते टास्कच्या आत. म्हणून ‘टेस्ट पडली तरी चालेल’ असा इनपुट मी ठेवलाच नाही. अभ्यासिकेची ती टेस्ट मी इंटरनेटशिवाय चालेल अशी पुन्हा लिहिली. तासाभराचं काम होतं, जे मी महिनोन्‌महिने टाळत होतो.

व्हर्जन लॉक करा

डब्यातला मसाला करपला तर त्या आठवड्याच्या सगळ्या भाज्या कडू. एकाच जागी टास्क ठेवण्याचा धोका हाच आहे. म्हणून टास्कला टॅग द्या, जसं व्ही१, आणि ॲप्समध्ये त्याच टॅगने बोलवा. मोठा बदल केला तर व्ही२ काढा आणि एकेक ॲप सवडीने त्यावर न्या.

दुसऱ्याने बनवलेली ॲक्शन वापरताना टॅगवरही विसंबू नका. मार्च २०२५ मध्ये ‘टीजे-ॲक्शन्स’ची ‘चेंज्ड-फाइल्स’ ही लोकप्रिय ॲक्शन हल्लेखोरांनी ताब्यात घेतली. २३,००० हून जास्त रिपॉझिटरी ती वापरत होत्या. जुने टॅग हलवून त्यांनी ते घातक कोडकडे वळवले आणि रनरमधली सिक्रेट्स लॉगमध्ये छापली जाऊ लागली. ज्यांनी टॅगऐवजी आधीच्या कमिटचा ४० अक्षरांचा पूर्ण हॅश लिहिला होता, त्यांच्याकडे जुनाच कोड चालला. टॅग हलवता येतो, पण पूर्ण हॅश त्या एकाच कमिटशी बांधलेला असतो.

नेहमी अडणाऱ्या गोष्टी

- बोलावणाऱ्या वर्कफ्लोच्या ‘एन्व्ह’मध्ये ठेवलेल्या किमती टास्कला आपोआप मिळत नाहीत. इनपुटने पाठवा.
- सिक्रेट्सही वेगळे द्यावे लागतात. ‘इनहेरिट’ लिहिलं तर सगळे जातात, पण टेस्टला लागत नसतील तर देऊच नका.
- टास्कची रिपॉझिटरी प्रायव्हेट असेल, तर तिच्या सेटिंगमध्ये इतर रिपॉझिटरींना परवानगी द्या.
- तपासणीचं नाव बदलतं. आता ते ‘बोलावणारा जॉब / टास्कचा जॉब’ असं दिसतं. ब्रांचच्या नियमात जुनं नाव असेल तर पुल रिक्वेस्ट नुसतीच वाट बघत बसते.

मुद्दाम एक टेस्ट पाडा

सगळं झालं की एक वेगळी ब्रांच काढा, एका टेस्टमध्ये मुद्दाम चुकीचं उत्तर लिहा आणि पाठवा. लाल फुली आली पाहिजे. हिरवी खूण आली, तर तुमचं टास्क काहीतरी लपवतंय. टास्कमध्ये बदल केला की मी दर वेळी हे करतो. पाच मिनिटं लागतात.

गिटहब वापरत नसाल तर?

कल्पना तीच, नावं वेगळी. गिटलॅबमध्ये ‘इन्क्लुड’, ‘एक्स्टेंड्स’ आणि कंपोनंट्स आहेत, जेनकिन्समध्ये शेअर्ड लायब्ररी, सर्कलसीआयमध्ये ऑर्ब्स.

थोडक्यात

कॉपी-पेस्ट केलेल्या फाइलबरोबर तुमच्या ‘नंतर काढू’ म्हटलेल्या ओळीही जातात. दुसऱ्या प्रोजेक्टला तीच फाइल चिकटवायला जाल, तेव्हा तिथेच थांबा आणि टास्क बनवा. आणि आजच्या आज तुमच्या जुन्या फाइलींमध्ये ‘कंटिन्यू-ऑन-एरर’ शोधा. सापडलं, तर ते कशासाठी लावलं होतं ते आठवतंय का, हे स्वतःला विचारा.