नावाकडून आशयाकडे : विलग डिबग-माहितीच्या शोधाचा इतिहास

प्रस्तावना :
संगणकाच्या इतिहासलेखनात यंत्रांचा वेग, आकार आणि किंमत यांची नोंद प्रामुख्याने होते. बिघडलेल्या प्रोग्रामची चौकशी कशी केली जाते, हा विषय मात्र सहसा दुर्लक्षित राहतो. डिबगर हे या चौकशीचे साधन होय. यंत्रसंकेतातील एखादा पत्ता मूळ प्रोग्रामच्या कोणत्या ओळीशी वा कोणत्या चलाशी संबंधित आहे, हे सांगणाऱ्या नोंदी म्हणजे डिबग-माहिती. ती नसेल तर डिबगर केवळ पत्ते दाखवितो. ती दुसऱ्याच आवृत्तीची असेल तर मात्र तो चुकीची ओळ खरी म्हणून दाखवितो. हा दुसरा धोका अधिक गंभीर आहे. योग्य माहिती-फाइल ओळखावी कशी, या प्रश्नाला ग्नू-लिनक्स परंपरेत मिळालेल्या तीन उत्तरांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पार्श्वभूमी :
रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये जीडीबी हा डिबगर लिहिला. त्याच दशकात बेल लॅब्जमध्ये युनिक्स सिस्टम फाइव्हसाठी ‘ड्वार्फ’ हा डिबग-नोंदींचा आकृतिबंध आकारास आला. त्याची पाचवी आवृत्ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. या नोंदी आरंभी प्रोग्रामच्या फाइलमध्येच असत. परंतु त्यांचा आकार मूळ यंत्रसंकेताहून अनेकदा कित्येक पटींनी मोठा असतो. त्यामुळे वितरणापूर्वी त्या काढून टाकण्याचा प्रघात पडला. जागा वाचली, पण चौकशीचा पुरावाही गेला. यावर तोडगा म्हणून या नोंदी विलग फाइलमध्ये जपून ठेवण्याची पद्धत आली आणि त्याबरोबरच ताटातूट झालेल्या दोन फाइलींची पुन्हा गाठ घालण्याचा प्रश्न निर्माण झाला.

पहिले उत्तर – नाव आणि स्थान :
२००३ मधील जीडीबीच्या ६.० या आवृत्तीत ‘डिबगलिंक’ पद्धतीचा समावेश झाला. मूळ फाइलमध्ये माहिती-फाइलचे नाव आणि ३२ बिटांची सीआरसी ही पडताळणी-संख्या नोंदविलेली असते. डिबगर ते नाव प्रथम प्रोग्रामच्याच निर्देशिकेत, नंतर तेथील ‘.डिबग’ या उपनिर्देशिकेत आणि शेवटी ‘/यूएसआर/लिब/डिबग’ या सामाईक निर्देशिकेखाली शोधतो. पडताळणी-संख्या जुळली नाही तर फाइल नाकारली जाते. मात्र त्यासाठी संपूर्ण फाइल वाचावी लागते. शिवाय एकाच नावाच्या दोन आवृत्त्या एकाच जागी नांदू शकत नाहीत.

दुसरे उत्तर – आशयाधिष्ठित ओळख :
रोलंड मॅकग्राथ यांनी पुढे आणलेली ‘बिल्ड-आयडी’ ही कल्पना नोव्हेंबर २००७ मधील फेडोरा ८ मध्ये अमलात आली. या पद्धतीत प्रोग्राम जोडला जात असतानाच त्याच्या आशयावरून, सामान्यतः १६० बिटांचा, ओळखक्रमांक काढून फाइलमध्ये नोंदविला जातो. डिबग-नोंदी वेगळ्या काढल्या तरी दोन्ही फाइलींत तोच क्रमांक राहतो. षोडशमान पद्धतीने लिहिल्यास त्याचे ४० अंक होतात. पहिल्या दोन अंकांची निर्देशिका आणि उर्वरित ३८ अंकांचे फाइलनाव अशी रचना केली जाते. त्यामुळे अनेक आवृत्त्या शेजारी नांदू शकतात. हा क्रमांक प्रोग्रामबरोबर स्मृतीतही येत असल्याने, कोसळलेल्या प्रोग्रामच्या स्मृतिचित्रातूनही तो मिळू शकतो.

तिसरे उत्तर – दूरस्थ भांडार :
आपल्या यंत्रावर फाइलच नसेल तर काय, हा प्रश्न तरीही उरला. नोव्हेंबर २०१९ मध्ये एल्फयुटिल्सच्या ०.१७८ या आवृत्तीबरोबर ‘डिबगइन्फोडी’ हा सर्व्हर आला. बिल्ड-आयडी कळविताच तो संबंधित माहिती-फाइल, आणि उपलब्ध असल्यास मूळ प्रोग्रामचा मजकूरही, पाठवितो. २०२० मधील जीडीबी १० ने त्याचा स्वीकार केला. मात्र अशा विचारणेतून आपण कोणता प्रोग्राम तपासत आहोत, हे सर्व्हरचालकाला कळू शकते. जीडीबीने पुढे वापरकर्त्याची संमती विचारण्याची सोय केली, ती या दृष्टीने उचितच म्हणावी लागेल.

निष्कर्ष :
इतिहासाचा अभ्यासक कागदावरील नाव किंवा तो सापडलेले दप्तर यांवर विसंबून त्याला अस्सल मानीत नाही. तो कागदाच्या अंतरंगाकडे वळतो. डिबगरचा प्रवासही नाव व स्थानाकडून आशयाकडे असाच झालेला दिसतो. तथापि ओळख पटणे आणि विश्वासार्हता सिद्ध होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. बिल्ड-आयडी ही स्वाक्षरी नव्हे. एखाद्याने हेतुतः बनावट फाइलीत तोच क्रमांक घातला, तर केवळ क्रमांकाच्या जुळणीने ती उघडी पडत नाही. म्हणून भांडार कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न आजही कायम राहतो. शिवाय क्रमांक कितीही अचूक असला, तरी ज्या नोंदी कोणी जतनच केल्या नाहीत त्या त्याच्या आधारे मिळणार नाहीत. शोधाच्या पद्धतीइतकेच जतनाचे कर्तव्यही महत्त्वाचे आहे, हाच या लहानशा इतिहासाचा बोध होय.