साखरेच्या पाण्याचा थेंब आणि जयपूरचे पंचानन माहेश्वरी

बारावीच्या जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत परागकण रुजवण्याचा एक प्रयोग असतो. काचपट्टीवर साखरेच्या द्रावणाचा थेंब घ्यायचा, सदाफुलीसारख्या ताज्या फुलाचा पराग त्यात सोडायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली अर्धा-एक तास वाट पाहायची. काही कणांतून बारीक नळी बाहेर पडते व हळूहळू लांबत जाते. जर्नलमध्ये आकृती काढली, शिक्षकांची सही झाली, की प्रयोग संपतो. मात्र याच साध्या कृतीपासून भारतीय वनस्पतिशास्त्राने काही वर्षांत जगाने दखल घ्यावी असे दोन शोध लावले. त्या इतिहासाची सुरुवात जयपूरमध्ये जन्मलेल्या एका शिक्षकापासून होते.

परागनलिका प्रथम पाहणारे जियोव्हानी बातिस्ता आमिची हे इटलीतील सूक्ष्मदर्शक घडवणारे शास्त्रज्ञ होते. आपल्याकडे पालेभाजी म्हणून खाल्ल्या जाणाऱ्या घोळ या वनस्पतीच्या फुलातील कुक्षीवरचे केस ते तपासत होते. केसांच्या पेशींतील द्रवाचा प्रवाह त्यांना पाहायचा होता. तो पाहताना केसाला चिकटलेल्या परागकणातून नळी बाहेर पडताना दिसली. 1824 मध्ये त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले. शोधायचे एक होते, दिसले दुसरे. आणि दिसले ते त्यांनी नोंदवून ठेवले.

ही नळी कुक्षीऐवजी काचेवर वाढवायची, तर परागकणाला काय द्यावे लागते? निव्वळ पाण्यात अनेक परागकण परासरणाने पाणी शोषून फुटतात. साखर हा दाब सावरते आणि वाढीसाठी ऊर्जाही पुरवते. कॅरमच्या पटावर टाकायच्या पावडरमुळे घरोघरी ओळखीचे झालेले बोरिक आम्ल अत्यल्प प्रमाणात मिसळले, तर नळ्या अधिक चांगल्या वाढतात. एक कोडे मात्र बराच काळ सुटत नव्हते. थेंबात भरपूर पराग असला तर तो रुजे. मोजकेच कण असले तर तेच कण निपचित पडून राहत. ब्रूबेकर आणि क्वाक यांनी 1963 मध्ये याचे कारण दाखवले. दाट गर्दीतल्या कणांना एकमेकांकडून कॅल्शियम मिळते, एकट्या कणाला ते पुरत नाही. त्यांचे द्रावण आजही वापरात आहे: 100 मिलिलिटर पाण्यात 10 ग्रॅम साखर, 30 मिलिग्रॅम कॅल्शियम नायट्रेट, 20 मिलिग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि प्रत्येकी 10 मिलिग्रॅम पोटॅशियम नायट्रेट व बोरिक आम्ल. एका थेंबात जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र असे एकत्र नांदतात.

पंचानन माहेश्वरी यांचा जन्म नोव्हेंबर 1904 मध्ये जयपूरला झाला. उच्च शिक्षणासाठी ते अलाहाबादच्या युइंग ख्रिश्चन कॉलेजात गेले. तेथे विनफील्ड डजन हे अमेरिकी प्राध्यापक वनस्पतिशास्त्र शिकवीत असत. शिक्षण पूर्ण झाल्यावर गुरुदक्षिणा काय द्यावी, असे माहेश्वरींनी विचारले. मी तुमच्यासाठी जे केले तेच तुम्ही तुमच्या विद्यार्थ्यांसाठी करा, अशा आशयाचे उत्तर डजन यांनी दिल्याचे सांगितले जाते. आग्रा, अलाहाबाद, लखनौ आणि ढाका येथे अध्यापन करून माहेश्वरी 1949 मध्ये दिल्ली विद्यापीठात वनस्पतिशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. आवृतबीजी वनस्पतींच्या भ्रूणविज्ञानावरचा त्यांचा ग्रंथ 1950 मध्ये निघाला आणि जगभर पाठ्यग्रंथ ठरला.

दिल्लीत त्यांनी भ्रूणविज्ञानाला नवे वळण दिले. तोवर या विषयाचा भर पातळ काप घेऊन, रंगवून, आकृत्या काढण्यावर होता. माहेश्वरींच्या विभागात फुलाचे भाग पोषक द्रावणावर जिवंत वाढवले जाऊ लागले. त्यांच्या विद्यार्थिनी कुसुम कांता यांनी अफूच्या झाडाचा पराग बोरिक आम्लाच्या पाण्यात मिसळून थेट अंडाशयात टोचला. कुक्षी व कुक्षिवृंत यांना वळसा घालूनही फलन झाले. पुढची पायरी अधिक धाडसी होती. कुसुम कांता, एन. एस. रंगास्वामी आणि माहेश्वरी यांनी अफूची बीजांडे अंडाशयातून काढून परीक्षानळीतील माध्यमावर ठेवली आणि त्यांच्यावर परागकण टाकले. परागनलिका बीजांडांत शिरल्या, फलन झाले आणि बी तयार झाले. स्वयंपाकघरात ज्याला खसखस म्हणतात, तो दाणा फुलाबाहेर, काचेच्या नळीत जन्माला आला. हे काम 1962 मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आले. काचपट्टीवरच्या प्रयोगापासून ते फार दूर नव्हते. थेंबाच्या जागी नळी आली आणि परागासमोर बीजांड ठेवले गेले, इतकेच.

दुसरा शोध अनपेक्षित होता. शिप्रा गुहा आणि पंचानन माहेश्वरींचे पुत्र सतीशचंद्र माहेश्वरी हे धोतऱ्याचे परागकोश संवर्धन माध्यमावर ठेवून अर्धसूत्री विभाजनाचा अभ्यास करीत होते. काही आठवड्यांनी परागकोशातून भ्रूणासारख्या लहान रचना बाहेर आल्या. बुरशी लागली असावी किंवा परागकोशाच्या भिंतीची पेशी वाढली असावी असे मानून नळी टाकून देणे सोपे होते. त्यांनी ती ठेवली, आणि 1964 मध्ये ‘नेचर’मध्ये निरीक्षण प्रसिद्ध केले. हे भ्रूण परागकणांपासूनच उद्भवतात, हे 1966 च्या लेखात दाखवले गेले. धोतऱ्याच्या नेहमीच्या पेशीत 24 गुणसूत्रे असतात. परागकणात त्यांची निम्मी, म्हणजे 12. नर जननपेशी निर्माण करण्यासाठी असलेला कण फलनाशिवाय रोपाच्या वाटेला लागला होता.

पीकसुधारणेत याला मोठे मोल आहे. शुद्ध वाण मिळवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या स्वपरागण करावे लागते. निम्म्या गुणसूत्रांच्या रोपाला कॉल्चिसीन देऊन गुणसूत्रे दुप्पट केली, की एकाच पिढीत पूर्ण शुद्ध रोप हाती येते. 1967 मध्ये फ्रान्समध्ये तंबाखूची आणि 1968 मध्ये जपानमध्ये भाताची अशी रोपे परागकोशापासून मिळवली गेली. पुढे अनेक पिकांत ही पद्धत रुळली.

हीच परंपरा पुण्यातही दिसते. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रजनी नाडगौडा, व्ही. ए. पराशरामी आणि ए. एफ. मस्कारेन्हस यांनी 1990 मध्ये काचेच्या भांड्यातील बांबूच्या कोवळ्या रोपांना फुले आणली. रानात ज्या बांबूला फुलायला काही दशके लागतात, तो नारळपाणी आणि सायटोकायनिन असलेल्या माध्यमावर काही महिन्यांत फुलला.

पंचानन माहेश्वरी 1965 मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले आणि मे 1966 मध्ये त्यांचे निधन झाले. शेवटच्या वर्षांत त्यांनी एनसीईआरटीच्या जीवशास्त्र समितीचे नेतृत्व करून उच्च माध्यमिक वर्गांसाठी पाठ्यपुस्तक तयार करवून घेतले. संशोधनाच्या ऐन भरात असलेल्या माणसाने शालेय पुस्तकासाठी वेळ काढावा, यात डजन यांना दिलेल्या शब्दाची आठवण असावी असे वाटते. सतीशचंद्र माहेश्वरी यांचा जन्म 1933 मध्ये जयपूरला झाला आणि 2019 मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.

आजही अनेक वर्गांत या प्रयोगाचा निष्कर्ष आधी लिहिला जातो आणि काचपट्टी नंतर पाहिली जाते; कधी पाहिलीही जात नाही. पराग रुजला नाही तर वरच्या वर्गातील विद्यार्थ्याच्या जर्नलमधून आकृती उतरवली जाते, कारण गुण आकृतीला असतात. अशा वेळी हरवते ती नेमकी शिकण्याची जागा. पराग का रुजला नाही? फूल शिळे होते का? साखर कमी पडली का? कण फार विरळ होते का? यातील शेवटचा प्रश्न एखाद्या वर्गातला क्षुल्लक अपयशाचा प्रश्न वाटेल, पण त्याचेच उत्तर 1963 मध्ये कॅल्शियम असे निघाले. धोतऱ्याच्या नळीत जे दिसले तेही ठरलेल्या निष्कर्षात बसणारे नव्हते.

म्हणून न रुजलेल्या परागाची प्रामाणिक नोंदही जर्नलमध्ये असायला हवी, आणि त्या नोंदीला गुणही मिळायला हवेत. त्यासाठी लागते साखर, चिमूटभर बोरिक आम्ल, एक ताजे फूल आणि वाट पाहू देणारा तासभर वेळ. यांतील पहिल्या तीन गोष्टी बहुतेक शाळांना परवडतात; चौथी द्यायची की नाही, हे वेळापत्रक आखणाऱ्यांनी ठरवायचे आहे.