ग्रंथालयातला खेळ

ग्रंथालयात व्हिडिओ गेम कशाला, असं कुणी विचारलं की मला अमेरिकेतलं ब्रॅडॉक आठवतं. पेनसिल्व्हेनियातलं हे पोलादाचं गाव. अँड्र्यू कार्नेगीनं अमेरिकेतलं आपलं पहिलं ग्रंथालय तिथं १८८९ मध्ये उघडलं. त्यात बिलियर्डची टेबलं होती आणि तळघरात कामगारांसाठी न्हाणीघर. भट्टीवरून आलेल्या माणसानं आधी अंग धुवावं, मग हवं तर पुस्तक घ्यावं. (त्याच्याच गिरण्यांत बारा-बारा तास राबून वाचायला सवड किती उरे, ते कार्नेगीला विचारायला हवं होतं.)

मिशिगनमधल्या अॅन आर्बरच्या ग्रंथालयानं २००४ मध्ये ‘मारिओ कार्ट’च्या स्पर्धा भरवल्या. अमेरिकन लायब्ररी असोसिएशननं २००७ मध्ये शिकागोत या विषयावर परिसंवाद घेतला, २००८ मध्ये देशभर ‘नॅशनल गेमिंग डे’ झाला. टीका झालीच. पण एकोणिसाव्या शतकात कादंबरीलाही तिथल्या ग्रंथपालांनी अशीच नाकं मुरडली होती! मी कवितेचा माणूस, पुस्तकाच्या बाजूचा. तरी ज्याच्या घरी खेळायचं यंत्र नाही, असा पोरगा केवळ खेळासाठी ग्रंथालयाची पायरी चढला, तर त्याच्या हाती लगेच पुस्तक कोंबू नये. आधी त्याला डाव पुरा करू द्यावा.