‘उर्फ’ लावणारी घराणी

कॅनडातील क्वेबेक प्रांतात पूर्वजांचा शोध घेऊ लागले की एक कोडे हटकून पडते. आजोबांचे आडनाव एक, आणि त्यांच्या खापरपणजोबांचे निराळेच! मग घराणे मध्येच तुटले की काय?

तसे नाही. फ्रान्समधून १६६५ मध्ये कारिन्यां-सालिएर नावाची पलटण तिकडे गेली. तिच्यातले सुमारे ४०० जण तिथेच स्थायिक झाले. फ्रेंच शिपायाला टोपणनाव असे: कोणी लाफ्लर म्हणजे फूल, कोणी सांसुसी म्हणजे निश्चिंत. मूळ आडनावापुढे ‘दी’ लिहून हे नाव जोडीत. ‘दी’ म्हणजे आपले ‘उर्फ’च समजा. पुढे एका भावाची मुले मूळ आडनाव लावीत, तर दुसऱ्याची टोपणनाव.

मग धागा जुळवायचा कसा? चर्चच्या वहीवरून. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद पाद्री ठेवी. विवाहाच्या नोंदीत बहुधा वधूवरांच्या आईबापांची नावे असत आणि बाईचे आडनाव माहेरचेच राही. म्हणून आईकडची शाखाही हाती लागते. राजाने १६६३ ते १६७३ या काळात आपल्या खर्चाने सुमारे ८०० मुली लग्नासाठी तिकडे पाठविल्या. त्यांतल्या पुष्कळ अनाथ होत्या. पण त्यांची नावे पुसली गेली नाहीत. आजही लोक अभिमानाने त्यांच्यापर्यंत वंशावळ नेतात.

तेव्हा जाणता शोधक नुसत्या आडनावामागे धावत नाही. तो आधी आईबापांची जोडी शोधतो.